मुंग्यांच्या बेटावरच्या दोघी

फिलिन्नामावशी आमच्याच गलबतातून आयगिना बेटावर परत आली, पण ती आमच्यात बसली नव्हती. आम्ही सगळे मधल्या फळ्यांवर दाटीवाटीनं, आणि ती एकटी मागं दोरखंडांच्या वेटोळ्यावर. गलबतात ओळखी काढण्याचा नुसता गलका चालला होता. कुणी कुणाचा चुलतभाऊ निघत होता, कुणाच्या आजोबांचा तेलाचा घाणा कुणाच्या मामांनी पाहिलेला असायचा. माझ्या सासूबाईंनी तिला विचारलं, "तुम्ही कुठल्या हो?"

"डोंगराखालच्या वाडीतली."

"अगं बाई, मग आमच्याच की. बरोबर कोण आहे?"

"मीच," ती म्हणाली आणि पाण्याकडे बघायला लागली.

माझा स्वतःचा जन्म बेटावरचा नाही. अथेन्स आणि स्पार्टाची लढाई सुरू झाली त्याच वर्षी अथेन्सवाल्यांनी आयगिनाची माणसं बायकापोरांसकट बाहेर काढली आणि आमच्या घरांत आपली माणसं आणून बसवली, तेव्हा मी आईच्या पोटात होते. आता अथेन्स हरलं होतं. स्पार्टाच्या सेनापतीनं त्यांच्या माणसांना परत पाठवलं होतं, आणि आमच्यातले जे कुठंकुठं तग धरून उरले होते त्यांना गोळा करून घरी धाडलं होतं. माझ्या मांडीवर धाकटी, शेजारी थोरली. दोघींना काहीतरी सांगून गप्प बसवायचं म्हणून सासूबाईंनी मुंग्यांची गोष्ट काढली. आमच्याकडे ती शेंबड्या पोरालाही पाठ असते. देवी हेराच्या रागानं बेटावर साथ आली, माणसं मेली, राजा आयाकोस एकटा उरला. ओकाच्या झाडावर मुंग्यांची रांग चढताना त्यानं पाहिली आणि बापाकडे, झ्यूसकडे, मागणं घातलं की एवढी माणसं मला दे. झ्यूसनं मुंग्यांचीच माणसं केली. ती आम्ही.

"आता परत बेट रिकामं आहे," सासूबाई म्हणाल्या, "आणि आपण परत चाललोय. म्हणजे मुंग्याच की नाही आपण?"

पोरी हसल्या. फिलिन्नामावशी उठली आणि शिडाच्या पलीकडे, आमचे शब्द ऐकू येणार नाहीत अशा जागी जाऊन बसली.

आम्हाला वाटून दिलेलं घर तिच्या घराला लागूनच निघालं. मधे एक भिंत आणि दोन्ही घरांत मिळून एक पाण्याचं टाकं. आमच्या घरात कुणी नव्हतं. जाणाऱ्यांनी दारंसुद्धा काढून नेली होती. तिच्या घरातून मात्र धूर येत होता. मी तिची पिशवी धरून मागोमाग गेले म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

चुलीपाशी एक बाई पाय लांब करून मसूर निवडत बसली होती. वयानं मावशीएवढीच, थोडी थोरलीच. तिनं वर पाहिलं.

"कोण पाहिजे?"

"कोणी नको," मावशी म्हणाली. "हे घर माझं आहे."

त्या बाईनं ताटलीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. बोली अथेन्सची, ठसकेबाज. "बरेच दिवस लावलेस यायला."

मावशीनं दारातून आत पाऊल टाकलं. बाईच पुढं म्हणाली, "माझं नाव पांफिले. आमचे सगळे गेले. मी सुकी अंजिरं साठवायच्या खोलीत लपून राहिले होते. आता कुणाला बोलवायचं असेल तर बोलव, पण गुडघा धरलाय, मला ओढत न्यावं लागेल."

"लपलीस कशाला?"

"मागं चल, दाखवते."

घरामागं मावशीच्या सासऱ्यानं लावलेलं अंजिराचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी दगडांचा हातभर चौकोन. पांफिलेची मुलगी होती ती, एकुलती, नाव ठेवायच्या आतच गेलेली. तिच्यानंतर पांफिलेला मूल झालं नाही. नवराही काही वर्षांपूर्वी तापानं गेला.

मावशी त्या दगडांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "झाड चांगलं राखलंस." आणि आत जाऊन आपली घोंगडी दुसऱ्या कोपऱ्यात पसरली.

वाडीत बभ्रा व्हायला वेळ लागला नाही. आमचा प्रमुख पासेआस. त्याचे दोन्ही भाऊ अथेन्सला कैदेत मारले गेले होते. तो येऊन म्हणाला, "फिलिन्ना, तू सांग, उद्याच हिला होडीत घालतो." मावशी म्हणाली, "गुडघा बरा होऊ दे." गुडघा काही बरा झाला नाही, आणि समुद्र खवळायचे दिवस आले. होड्या वर ओढून ठेवल्या गेल्या आणि ती गोष्ट तशीच राहिली.

एका छपराखाली राहून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सातूच्या भाकऱ्या वेगळ्या, तेलाची कुपी वेगळी. मावशी आमच्यातही फारशी येत नसे. लोकर विंचरायला बायका टाक्यापाशी जमायच्या तेव्हा ती लांबून पाणी भरून निघून जायची. इतकी वर्षं स्पार्टाकडच्या तेगेआ गावात लोकांची मुलं सांभाळून तिची बोलीही बदलली होती. आमच्या वाडीतली पोरं तिला 'स्पार्टावाली' म्हणायची. ते तिला ऐकू येत असणारच.

माझ्या दोघी पोरींशी मात्र ती बोलायची. म्हणजे गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टीतला प्रत्येक प्राणी कुठल्या ना कुठल्या देवाच्या तडाख्यात सापडलेला असायचा. एकदा टाक्याच्या कडेला कासव आलं, तर पोरींना म्हणाली, "याची मान आधी लांब होती, बगळ्यासारखी. डिमीटरदेवीची लेक पाताळात पळवून नेली ना, ती सगळ्या रानात विचारत हिंडत होती, माझी मुलगी पाहिलीत का. यानं पाहिलं होतं. पण सांगितलं तर पाताळाचा राजा चिडेल, म्हणून ती जवळ आल्यावर यानं मान आत घेतली. ती म्हणाली, आता तशीच ठेव. तेव्हापासून कुणी जवळ आलं की हा मान आत घेतो. काही विचारायला आलेत असंच वाटतं त्याला."

"मग मुलगी सापडली का?" थोरलीनं विचारलं.

"तिची सापडली," मावशी म्हणाली.

एके सकाळी मी विस्तव मागायला त्यांच्याकडे गेले. सातूच्या रांजणाला मुंग्या लागल्या होत्या; दारापासून रांजणापर्यंत काळी दोरी ओढल्यासारखी रांग. मावशी राख टाकत होती. पांफिले मागापाशी बसून पाहत होती. ती म्हणाली, "राख कशाला टाकतेस, तुझे भाऊबंदच आलेत जेवायला."

मला वाटलं, आता पेटणार. मावशी राख टाकतच राहिली. पांफिलेला बहुतेक गप्प बसायचा कंटाळा आला असावा. ती मला म्हणाली, "तुमच्याकडे मुंगीची माणसं झाली म्हणतात ना? आमच्याकडे उलटं सांगतात. मुंगी आधी माणूस होती. शेतकरी होता एक. स्वतःचं पीक घरात येऊन पडलं तरी नजर शेजाऱ्याच्या खळ्यावर. अंधार पडला की टोपली घेऊन निघायचा. झ्यूसनं पाहिलं आणि त्याला एवढासा करून टाकला. अंग बदललं, खोड नाही गेली. अजून दुसऱ्याचेच दाणे उचलतो. आमच्या गल्लीत आयगिनाचा व्यापारी आला की पोरं ही गोष्ट मुद्दाम मोठ्यानं सांगायची."

"आणि दुसऱ्याच्या घरात येऊन कोण राहिलं?" मी म्हणाले. मला राहवलं नाही.

पांफिले हसली. "तेच म्हणते मी. आता ती गोष्ट सांगताना मला मधेच थांबावं लागतं."

मावशीनं राखेचं भांडं खाली ठेवलं. ती पांफिलेशी आपणहून बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"माझा लांपोन विचारायचा," ती म्हणाली. "इथून काढलं तेव्हा कडेवर होता. मग आम्ही थिरेआला राहिलो, समुद्राकाठी. स्पार्टावाल्यांनी जमीन दिली होती आम्हाला तिथं. तो मोठा झाला तसा मुंगी दिसली की उकिडवा बसायचा. आई, आपण मुंग्यांपासून झालो, मग मेलो की परत मुंग्या होणार का? मी म्हणायचे, हो. मग परत माणसं होणार? हो रे बाबा. मग परत घरी जाणार? तो मुंगीवर पाय देऊ द्यायचा नाही कुणाला. बापालाही." तिनं हाताची राख झटकली. "त्या उन्हाळ्यात मी वरच्या रानात गेले होते. लांपोनला ताप होता, पाला आणायला गेले होते. वरून अथेन्सची गलबतं दिसली. मी धावले, पण मी खाली येईपर्यंत गाव पेटलं होतं. थेओतिमोस, म्हणजे माझा नवरा, त्याला बांधून नेला म्हणतात. लांपोनचं कुणी काही सांगितलं नाही. मी दगडामागं बसून राहिले. बाहेर आले तेव्हा विचारायला कुणी उरलंच नव्हतं."

मला विस्तव घेऊन निघवेना. पांफिले मागाच्या दोऱ्यांकडे बघत होती. ती म्हणाली, "थिरेआ. ती गलबतं त्याच्या आधी किथेरा बेटावर गेली होती ना?"

"हो."

"मग सांगते. माझा नवरा त्यात होता. वल्ह्यावर." तिचा आवाज अगदी साधा होता. "परत आला तेव्हा चार दिवस बोलला नाही. मी विचारलं, कुठं गेला होतात. म्हणाला, उन्हात. मी परत विचारलं नाही."

तिनं हे का सांगितलं, मला आजही नक्की कळलेलं नाही. नसतं सांगितलं तर कुणाला कळणार होतं? मावशीनं आपली घोंगडी गुंडाळली आणि ती माझ्याबरोबर आमच्या घरी आली.

आमच्याकडे ती भिंतीकडे तोंड करून बसायची. दिलं तर खायची. माझा नवरा सोगेनेस बिचारा आपल्याच घरात पाय न वाजवता चालायचा. पोरींनी गोष्ट मागितली तर ती म्हणायची, "उद्या." पलीकडे पांफिले टाक्यावर येताना भिंत धरत धरत यायची, आमच्या दाराकडे बघायची नाही. मी तिला ओळख दिली नाही. त्या आठवड्यात वाडीत तिला कुणीच ओळख दिली नाही.

मग उत्तरेचा वारा सुटला. आमच्याकडे हिवाळ्यात तो असा येतो की माणसाला उभं राहू देत नाही. दुपारी मावशीच्या घराची कौलं उडायला लागली. अंगणात पडून फुटल्याचे आवाज येत होते. सोगेनेस मजुरीला बंदरावर गेला होता. मावशी उठली. मी म्हटलं, "जाऊ दे ना मावशी, सोगेनेस आला की बघेल."

"ती चढेल वर," मावशी म्हणाली. "मूर्ख आहे ती. तो गुडघा घेऊन चढेल."

आम्ही गेलो तर पांफिले खरंच शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती. मावशीनं तिच्या कमरेला धरून तिला खाली घेतलं, जराही हळुवारपणा न करता, आणि स्वतः वर चढली. मी दगड देत होते, ती कौलांवर ठेवत होती. पांफिले खाली शिडी धरून उभी. काम झाल्यावर मावशी उतरली, हात रक्ताळले होते. पांफिलेनं पाणी गरम करून आणलं आणि तिचे हात धुतले. मी घरी आले. थोड्या वेळानं मावशीची घोंगडी परत नेऊन द्यावी लागली.

त्यानंतर दोघींची चूल एक झाली. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. त्या भांडायच्या: मीठ किती, खिडकी उघडी का बंद, डोंगरावर बसलेला ढग बरसणार की जाणार. आणि गोष्टींवरून भांडायच्या. मावशीच्या गोष्टीत कावळा अपोलोनं शाप दिल्यामुळे काळा, पांफिले म्हणायची, "शाप कसला, चुगलखोर होता, तोंड काळं झालं." दोन गावांतली एकच गोष्ट, आणि प्रत्येक ठिकाणी देवाचा राग वेगळ्याच माणसावर. भिंतीपलीकडून ते ऐकू आलं की मला बरं वाटायचं. तेवढे दोनच महिने मावशी जरा माणसात आल्यासारखी वाटली.

समुद्र शांत झाला आणि होड्या परत पाण्यात गेल्या, तसा पासेआस चार जाणत्यांना घेऊन मावशीच्या अंगणात आला. बायकांना सभेत कोण विचारतो, पण घराची मालकीण तीच उरलेली, म्हणून तिला विचारायला तो आला. एवढं त्यानं केलं.

"फिलिन्ना, आता हिला पाठवायला हवं," तो म्हणाला. "घरं वाटायची आहेत. अजून माणसं येतायत. अथेन्सची बाई इथं दिसली तर ती काय म्हणतील? आणि तुझं तर मला कळतच नाही. तुझा पोरगा कुणी मारला?"

मावशी उंबऱ्यात उभी होती. पांफिले आत.

"एक सांगू का, पासेआसदादा?" मावशी म्हणाली. "अथीना आणि पोसायडन जमिनीवरून भांडले तेव्हा झ्यूसनं पाखरं बोलावली. ज्यानं त्यानं आपापल्या देवाच्या बाजूला उभं राहावं म्हणाला. घुबड अथीनाकडे गेलं, समुद्रपक्षी पोसायडनकडे, गरुड त्याच्याच खांद्यावर. पाकोळी सगळ्यांच्या शेवटी आली. तू कुणाची, झ्यूसनं विचारलं. ती म्हणाली, मला ते बघायला वेळ नाही झाला, माझी पिल्लं भिंतीत आहेत. झ्यूसला काय करावं कळेना. त्यानं तिला कुणालाच दिली नाही. म्हणून ती कुणाच्याही घरात घरटं करते आणि कुणी काठी उचलत नाही."

जाणत्यांपैकी एकानं मान हलवली. पासेआस दाढी खाजवत उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला भाऊ नव्हते आता.

"गोष्ट चांगली आहे," तो म्हणाला. "पण पाकोळी थंडीच्या आधी निघून जाते, फिलिन्ना. ही तर थंडी काढून बसली."

सगळे हसले. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. आतून पांफिलेचाही हसण्याचा आवाज आला, आणि त्यानंच सगळं संपलं. ती काठी टेकत बाहेर आली.

"जाते मी," ती म्हणाली. "अथेन्सच्या बंदरात, पिराएउसला, भाचा आहे. त्याला नको असले तरी तो तोंडावर म्हणणार नाही."

"तू आत हो," मावशी म्हणाली.

"फिलिन्ना, ही सगळी तुझी माणसं आहेत. तुला इथं राहायचंय."

मावशीनं त्या माणसांकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. बाजारात अनोळखी गावच्या लोकांकडे बघावं तशी होती.

स्किम्नोस नावाचा एक मासेवाला अथेन्सच्या बाजूला जा-ये करायचा. त्याच्या होडीतून तिला पाठवायचं ठरलं. निघताना पांफिलेनं आपल्या मागाला टांगायची मातीची वजनं मावशीला दिली, मावशीनं खारवलेल्या मासळीचं मडकं तिला दिलं. बंदरापर्यंत मी गेले होते. दोघी वाटभर कौलांविषयी आणि अंजिराविषयी बोलत होत्या. पाणी फार घालू नकोस, मुळं कुजतात. पडवीचा वासा बदलून घे. होडीत बसताना पांफिले म्हणाली, "त्या दगडांपाशी..." आणि मावशी म्हणाली, "हो, मी आहे ना." होडी सुटली. मावशी परत येताना माझ्या पुढं चालत होती, आणि मी तिला गाठायचा प्रयत्न केला नाही.

त्या दिवसापासून घर पूर्ण तिचं झालं.

उन्हाळ्यात स्किम्नोसनं बातमी आणली. पांफिले भाच्याकडे होती, वरच्या माडीवर. "तिकडं तिला सगळे 'आयगिनावाली' म्हणतात," तो हसत म्हणाला. "तिची बोलीही म्हणे आपल्यासारखी झाली."

मावशी हसली नाही. "माडीला जिना असेल," ती म्हणाली.

"असणारच की."

"मग ती खाली उतरत नसेल."

मावशीनं त्याच्याबरोबर सुकी अंजिरं पाठवली, आणि निरोप पाठवला की पासेआसशी मी परत बोलेन, तू ये. ती बोललीही. पासेआस म्हणाला, बघू. त्याच्या तोंडून 'बघू' निघालं, हेच आम्हाला मोठं वाटलं. पण पुढच्या खेपेला स्किम्नोस अंजिरं तशीच परत घेऊन आला. भाचा घर सोडून गेला होता. कुठं गेला ते कुणाला माहीत नव्हतं; आदल्या हिवाळ्यात अथेन्सला वेढा पडला होता, तेव्हाच्या उपासमारीनं लोक अजून इकडंतिकडं पांगत होते. म्हातारी बरोबर होती की नाही, हेही कुणी सांगेना.

मावशीनं ती अंजिरं माझ्या पोरींना वाटून टाकली.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. हळूहळू टाक्यावर बायकांत येऊन बसायला लागली, लोकर विंचरायची, कुणी गोष्ट मागितली तर सांगायची. नवी माणसं येतच होती, कुणी क्रेटहून, कुणी आर्गोसहून, आणि प्रत्येकीजवळ तीच गोष्ट जरा वेगळी होती. मावशी मधेच थांबून विचारायची, "तुमच्याकडे कशी सांगतात?" मग ती दुसरी सांगायची, आणि मावशी लक्ष देऊन ऐकायची. पण कुणी चुकीचं सांगितलं तरी तिनं कुणाशी कधी वाद घातला नाही. बायका म्हणायच्या, किती शांत बाई आहे. मी भिंतीपलीकडे राहत होते. ती भांडताना कशी होती, ते मी ऐकलं होतं.

संध्याकाळी सगळ्या उठून आपापल्या घरी जायच्या. ती शेवटी उठायची, घागर भरायची, आणि दार लावून घ्यायची.